परराष्ट्र धोरण, पक्षांची भांडणं आणि आपले ग्रुप : नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरुळ-सीवूड्स परिसरातले आम्ही काही रहिवासी मिळून एक चर्चागट चालवतो. विषय एकच : भारताचं परराष्ट्र धोरण आणि त्यावरून पक्षापक्षांत होणारी हमरीतुमरी. गटात सगळ्या पक्षांचे मतदार आहेत आणि कोण कुणाला मत देतो हे एकमेकांना ठाऊक आहे. अट एवढीच की बोलताना तारीख आणि कागद सोबत हवा. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून, लोकलच्या ग्रुपवरून, फेसबुकवरून तेच ते प्रश्न आमच्याकडे फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

धोरण दिल्लीत ठरतं. नवी मुंबईत बसून आपण त्यावर डोकं कशाला शिणवायचं?

कारण ते धोरण इथे येऊन उतरतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २ मे २०२५ रोजी केंद्राने पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालावर बंदी घातली, मग तो थेट येवो की तिसऱ्या देशामार्गे. पुढच्याच महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने ३९ कंटेनर धरले, ते न्हावा शेवा बंदरात. अकराशे टनांवर माल, त्यात खारीक. दुबईमार्गे आणलेला आणि मूळ देश भलताच दाखवलेला.

चाबहारचं पाहा. इराणमधलं ते बंदर चालवायला इंडिया पोर्ट्स ग्लोबल ही कंपनी उभी केली ती जेएनपीटी आणि कांडला या दोन बंदरांनी मिळून. म्हणजे उरणच्या बंदराचा पैसा त्यात होता. चाबहारचं बोलणं वाजपेयींच्या काळात २००३ साली झालं, प्रत्यक्ष कामकाज भारताने डिसेंबर २०१८ मध्ये हाती घेतलं आणि दहा वर्षांचा करार १३ मे २०२४ रोजी झाला. मधल्या काळात दिल्लीत दोनदा सत्ताबदल झाला, तरी काम पुढे सरकत राहिलं.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये तर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती ४ मे २०२४ पर्यंत. पण त्याच काळात मार्चमध्ये बांगलादेशला ५० हजार टन आणि अमिरातींना १४,४०० टन कांदा द्यायला सरकारने परवानगी दिली. निर्यातबंदी असताना कुणाला कांदा द्यायचा, हा परराष्ट्र संबंधांचा निर्णय होता आणि त्याचा परिणाम गोणीच्या भावावर दिसत होता.

ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्यांनी सप्टेंबर २०२५ मधला तो शनिवार अनुभवला आहे. एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क जाहीर झालं आणि ‘दर वर्षी भरावे लागणार, बाहेर असाल तर आजच परता’ असे मेसेज फिरले. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसने खुलासा केला की शुल्क एकदाच आहे आणि फक्त नव्या अर्जांना आहे. ‘दर वर्षी’ हे खुद्द अमेरिकेच्या वाणिज्यमंत्र्यांच्या तोंडून आलं होतं, तेव्हा फॉरवर्ड करणाऱ्यांना तरी किती दोष द्यावा. पण त्या एका दिवसात लोकांनी भलत्या भावाने विमानाची तिकिटं काढली. एवढं झाल्यावर ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणून कसं चालेल?

नेहरूंनी सुरक्षा परिषदेतली कायमची जागा चीनला देऊन टाकली, हे खरं की खोटं?

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. त्याला एका शब्दात उत्तर देणारा माणूस, तो कुठल्याही बाजूचा असो, अर्धंच सांगतो.

आधी ज्या गोष्टी घडल्या त्या. ऑगस्ट १९५० मध्ये विजयालक्ष्मी पंडित अमेरिकेत राजदूत होत्या. तिथल्या परराष्ट्र खात्यात चीनला हटवून भारताला बसवण्याचा विचार चालू आहे, असं त्यांनी भावाला, म्हणजे नेहरूंना, पत्राने कळवलं. नेहरूंचं उत्तर होतं की भारत त्या जागेला पात्र आहे, पण चीनला बाजूला सारून आपण ती घेणार नाही. १९५५ मध्ये सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन यांनी भारताला सहावा कायम सदस्य करण्याची गोष्ट काढली. त्यावरही नेहरू म्हणाले, आधी चीनचा प्रश्न सुटू द्या. ही पत्रं आणि संभाषणं छापील रूपात उपलब्ध आहेत. त्यामुळे ‘असं काही झालंच नाही’ म्हणणाऱ्यांनी ती एकदा वाचावीत.

आता दुसरी बाजू. १९५० साली परिषदेत चीनच्या खुर्चीवर माओंचा चीन बसलेलाच नव्हता. ती खुर्ची तैवानमध्ये गेलेल्या चँग काय-शेक यांच्या सरकारकडे होती आणि २५ ऑक्टोबर १९७१ पर्यंत तिथेच राहिली. मग नेहरूंनी ती ‘देऊन टाकली’ कशी? शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत बदल करायचा तर आमसभेत दोन तृतीयांश मतं आणि पाचही कायम सदस्यांची संमती लागते. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकेची सूचना सोव्हिएत संघाने आणि सोव्हिएत संघाची अमेरिकेने मान्य केली असती, असं मानायला काही आधार नाही. आणि २७ सप्टेंबर १९५५ रोजी लोकसभेत थेट प्रश्न आला तेव्हा नेहरूंनी सांगितलं की औपचारिक किंवा अनौपचारिक असा कुठलाही देकार आलेला नाही.

आमचं मत विचाराल तर : चाचपणी झाली होती आणि नेहरूंनी तिच्यात रस घेतला नाही. लोकसभेतलं त्यांचं उत्तर त्या चाचपणीला फारच आक्रसून सांगणारं होतं. चीनबद्दल त्यांनी दाखवलेली उदारता पुढे वाया गेली, अशी टीका करायला पूर्ण जागा आहे. पण हातात आलेली जागा दान केली, हे म्हणणं कागदावर टिकत नाही.

कच्चातीवू बेट कुणी गमावलं?

मार्च २०२४ च्या अखेरीस, लोकसभेच्या प्रचारात हा विषय पेटला आणि रामेश्वरम कुठल्या दिशेला आहे हे न पाहता आपल्या ग्रुपांवरही दोन-तीन दिवस धुमाकूळ झाला. आमच्या बैठकीत दोन काका एकमेकांशी बोलेनासे व्हायची वेळ आली होती. त्यातल्या एकांनी पुढच्या वेळी १९७४ चा करार छापून आणला. पाचव्या आणि सहाव्या कलमाखाली पेन्सिलीने रेघ मारलेली. त्यांनी ती कलमं सावकाश वाचली. पाचवं सांगतं की भारतीय मच्छीमार आणि यात्रेकरू पूर्वीसारखेच बेटावर जातील, त्यांना श्रीलंकेचा व्हिसा लागणार नाही. सहावं सांगतं की दोन्ही देशांच्या नौकांचे एकमेकांच्या पाण्यातले परंपरागत हक्क कायम राहतील. ‘मग मच्छीमारांना अटक का होते?’ हा पुढचा प्रश्न सगळ्यांच्या तोंडून एकदम आला आणि तिथून खरी चर्चा सुरू झाली.

त्याचं उत्तर १९७६ मध्ये आहे. १९७४ ला इंदिरा गांधी आणि श्रीलंकेच्या पंतप्रधान सिरिमाओ बंदरनायके यांनी पाल्कच्या सामुद्रधुनीतली सीमा आखली आणि साधारण २८५ एकरांचं हे बेट श्रीलंकेच्या बाजूला गेलं. दोन वर्षांनी, आणीबाणीच्या काळात, पत्रांची देवाणघेवाण होऊन दोन्हीकडच्या मच्छीमारांनी दुसऱ्याच्या पाण्यात जायचं नाही असं ठरलं. त्याच व्यवहारात कन्याकुमारीजवळचा वेज बँक हा मासळीने समृद्ध समुद्रपट्टा भारताकडे राहिला. काँग्रेसचे समर्थक १९७६ चं पत्र सांगत नाहीत, भाजपचे समर्थक वेज बँकेचं नाव काढत नाहीत.

आणखी एक कंगोरा आहे आणि आम्हाला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. देशाची भूमी दुसऱ्याला द्यायची तर घटनादुरुस्ती लागते, असं मत सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणात दिलं आहे. कच्चातीवूसाठी घटनादुरुस्ती झाली नाही. सरकारची भूमिका अशी की बेटाची मालकी वादात होती, ते कधी निर्विवाद भारताचं नव्हतंच, म्हणून ‘दिलं’ असं होत नाही. हीच भूमिका २०१५ मध्ये, म्हणजे मोदी सरकारच्या काळात, परराष्ट्र मंत्रालयाने माहिती अधिकाराच्या उत्तरात मांडली. त्याआधी २०१४ मध्ये देशाचे महान्यायवादी मुकुल रोहतगी यांनी सर्वोच्च न्यायालयात म्हटलं होतं की ते बेट परत हवं तर युद्ध करावं लागेल. आणि द्रमुकने आज कितीही आवाज चढवला तरी १९७४ साली तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी होते, हेही पुसता येत नाही.

आपल्या कोळीवाड्यांना हा प्रश्न लगेच कळतो. सारसोळे-दिवाळ्याच्या खाडीत जाळं टाकणाऱ्याला समुद्रातली रेघ दिसत नाही, मासा जिकडे जातो तिकडे होडी जाते. रामेश्वरमच्या मच्छीमाराचं तेच आहे. फक्त रेघ ओलांडली की त्याची बोट जप्त होते आणि तो श्रीलंकेच्या तुरुंगात जातो. निवडणूक संपली तशी बेटाची चर्चा विरली. अटका थांबलेल्या नाहीत.

सिंधूचं ८० टक्के पाणी पाकिस्तानला का दिलं?

१९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू आणि पाकिस्तानचे अयूब खान यांनी जागतिक बँकेच्या मध्यस्थीने हा करार केला. रावी, बियास, सतलज आपल्याला. सिंधू, झेलम, चिनाब त्यांना, आपल्याला त्यांचा मर्यादित वापर. शिवाय पर्यायी कालव्यांसाठी भारताने सहा कोटी वीस लाख पौंड दिले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला लोकसभेत यावर कडाडून टीका झाली, तेव्हा ही टीका आजकालची नाही. बचाव करणारे सांगतात की तीन नद्यांवर निर्विवाद हक्क मिळाल्यामुळेच भाक्रा आणि राजस्थानचा कालवा उभा राहू शकला. दोन्ही मुद्द्यांत दम आहे.

आम्हाला खटकतं ते वेगळंच. आपल्या वाट्याच्या रावीचं पाणीसुद्धा आपण कित्येक दशकं पाकिस्तानात वाहू दिलं. शाहपूर कंडी धरणाची पायाभरणी नरसिंह राव यांनी १९९५ मध्ये केली, पाणी अडवायला २०२४ उजाडलं. पंजाब आणि जम्मू-काश्मीर यांच्यातल्या वादात काम रखडलं आणि या काळात दिल्लीत जवळपास प्रत्येक मोठा पक्ष सत्तेत येऊन गेला. २३ एप्रिल २०२५ ला भारताने करार स्थगित ठेवला. त्या रात्री ‘उद्यापासून पाकिस्तानचे नळ बंद’ असे मेसेज आले होते. एवढं पाणी अडवायला धरणं आणि कालवे लागतात आणि ते बांधायला वर्षं लागतात.

तिबेट चीनचा आहे हे कुणी मान्य केलं, नेहरूंनी की वाजपेयींनी?

दोघांनीही, वेगवेगळ्या शब्दांत. २९ एप्रिल १९५४ च्या करारात ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असा उल्लेख आहे. जून २००३ मध्ये वाजपेयी बीजिंगला गेले तेव्हाच्या घोषणापत्रात तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग असल्याचं भारताने स्पष्ट नोंदवलं. त्याच भेटीत नथु ला मार्गे व्यापाराचं ठरलं आणि सिक्कीमबाबत चीनचा सूर बदलायला सुरुवात झाली. १९५९ मध्ये दलाई लामांना आसरा देणारेही नेहरूच. एकाच माणसाच्या कारकिर्दीतले दोन निर्णय दोन दिशांनी जाऊ शकतात आणि फॉरवर्डमध्ये त्यातला एकच येतो.

म्हणजे तुमच्या मते सगळी सरकारं सारखीच?

मुळीच नाही. फरक असतात आणि ते मोठे असतात. मे १९९८ च्या अणुचाचण्या, २००५ चा अमेरिकेशी अणुसहकार्याचा निर्णय, २०१९ चा बालाकोट हल्ला, हे त्या त्या सरकारने स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेले निर्णय आहेत आणि त्यांचं श्रेय किंवा दोष त्यांनाच जायला हवा.

आमची तक्रार वेगळी आहे. विरोधात असताना जे घातक, ते सत्तेत आल्यावर राष्ट्रहिताचं कसं होतं, हा प्रश्न आपण आपल्या पक्षाला विचारत नाही. २२ जुलै २००८ रोजी अणुकरारावरून मनमोहन सिंग सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी वाचलं. भाजप आणि डावे एकाच बाजूने मत देत होते. २०१५ मध्ये त्याच कराराची अडलेली गाडी पुढे ढकलली ती ओबामांच्या दिल्ली भेटीत मोदींनी.

बांगलादेश सीमा कराराची गोष्ट तर शाळेत शिकवावी अशी आहे. १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि मुजीबूर रहमान यांनी तो केला. २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला जाऊन त्याचा पुढचा मसुदा करून आले. २०१३ मध्ये विधेयक आलं तेव्हा भाजपने विरोध केला. मे २०१५ मध्ये मोदी सरकारने तेच आणलं आणि दोन्ही सभागृहांत ते एकमताने मंजूर झालं : शंभरावी घटनादुरुस्ती. भारताच्या १११ वस्त्या बांगलादेशात गेल्या आणि त्यांच्या ५१ इकडे आल्या. चारी बाजूंनी परक्या देशाने वेढलेल्या त्या तुकड्यांत राहणाऱ्यांना ना रेशनकार्ड होतं, ना पोलीस ठाणं, ना सरकारी शाळा. पक्षांच्या ओढाताणीत त्यांची ४१ वर्षं गेली. आम्ही हे बैठकीत पहिल्यांदा मांडलं तेव्हा बराच वेळ कुणी कुठल्या पक्षाचं नाव घेतलं नाही.

युद्धाच्या वेळी सरकारला प्रश्न विचारणं म्हणजे देशद्रोह नाही का?

नाही. १९६२ च्या युद्धात चिनी सैन्य आत शिरलेलं असताना तरुण वाजपेयींनी संसदेचं अधिवेशन बोलवायची मागणी केली आणि नेहरूंनी ८ नोव्हेंबरला ते बोलावलं. युद्ध चालू होतं आणि सभागृहात सरकारचे वाभाडे निघत होते. कारगिलनंतर तीनच दिवसांनी, २९ जुलै १९९९ ला, वाजपेयी सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल, काही भाग वगळून, संसदेत ठेवला गेला. कुठे चुकलं हे सरकारने स्वतःच विचारलं. गलवानमध्ये १५ जून २०२० ला २० जवान गेले, त्यानंतर संसदेत तशी सविस्तर चर्चा झाली नाही, याची खंत आमच्यातल्या अनेकांना आहे. त्यात भाजपचे मतदारही आहेत.

बाहेर एकजूट आणि घरात प्रश्न, हे दोन्ही एकाच वेळी जमतं. १९९४ मध्ये जिनिव्हात काश्मीरवर पाकिस्तानने ठराव आणला तेव्हा पंतप्रधान नरसिंह राव यांनी शिष्टमंडळाचं नेतृत्व विरोधी पक्षनेते वाजपेयींकडे दिलं. सोबत सलमान खुर्शीद आणि फारूक अब्दुल्ला. पाकिस्तानला ठराव मागे घ्यावा लागला. ऑपरेशन सिंदूरनंतर मे २०२५ मध्ये सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं जगभर गेली. त्यातल्या एकाचं नेतृत्व आपल्या शेजारच्या कल्याण मतदारसंघाचे खासदार श्रीकांत शिंदे यांच्याकडे होतं, दुसऱ्याचं सुप्रिया सुळे यांच्याकडे. एक सत्तेतल्या आघाडीचे, एक विरोधातल्या. हे दोघे परदेशात एकच भूमिका मांडत होते तेव्हा त्यांचे कार्यकर्ते आपल्या ग्रुपवर एकमेकांना गद्दार म्हणत होते.

ऑपरेशन सिंदूरच्या रात्री आलेले व्हिडिओ खरे होते का?

बरेचसे नव्हते. ७ ते १० मे २०२५ या दिवसांत व्हिडिओ गेममधली दृश्यं, दुसऱ्याच देशांतल्या युद्धाची जुनी चित्रफीत असं काय काय ‘आत्ताचं’ म्हणून फिरलं. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी वाहिन्यांवरही चालली. तसं काही घडलं नव्हतं.

पण त्या चार दिवसांत आम्हाला सगळ्यात जास्त लागलं ते १० मेच्या संध्याकाळनंतरचं. गोळीबार थांबवण्याचा निर्णय जाहीर करणारे परराष्ट्र सचिव विक्रम मिसरी यांच्यावर लोक तुटून पडले. त्यांच्या मुलीलाही शिवीगाळ झाली. त्यांना आपलं एक्सवरचं खातं लॉक करावं लागलं. निर्णय सरकारचा, तो सांगणारा अधिकारी, आणि मार खाल्ला त्याच्या घरच्यांनी. विरोधी पक्षांतल्या नेत्यांनी त्यांची बाजू घेतली हे बरं झालं. ज्या मंडळींनी आदल्या दिवशी त्यांच्या पत्रकार परिषदेचे तुकडे अभिमानाने स्टेटसला लावले होते, त्यांतल्याच काहींनी दुसऱ्या दिवशी त्यांना शिव्या घातल्या. हे आपल्या सोसायट्यांतले सुशिक्षित लोक आहेत.

मालदीववर बहिष्कार, तुर्कीवर बहिष्कार : याने काही होतं का?

होतं, पण पोस्टमध्ये लिहिलेलं असतं तेवढं नाही आणि तेवढा वेळ टिकतही नाही. जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी मोदींच्या लक्षद्वीप भेटीवर गलिच्छ लिहिलं. त्यांना निलंबित केलं गेलं. इकडे लोकांनी सहली रद्द केल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष मुइझ्झू दिल्लीत होते आणि जुलै २०२५ मध्ये मोदी त्यांच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्षाच्या सोहळ्याला मालेत. भारताने ४,८५० कोटी रुपयांचं कर्जसाहाय्य जाहीर केलं. हिंदी महासागरात चीनला मोकळं रान द्यायचं नसेल तर मालेशी बोलावंच लागतं आणि ते सरकारने केलं, ते योग्यच झालं. मात्र ग्रुपवर अजून ‘मालदीवला धडा शिकवला’ एवढाच भाग फिरतो.

तुर्कीचं प्रकरण जरा वेगळं. तिथे राग होता तो पाकिस्तानची बाजू घेतल्याचा. मे २०२५ मध्ये पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद न घेण्याचं जाहीर केलं, तो त्यांनी स्वतःच्या धंद्याची झळ सोसून घेतलेला निर्णय होता, म्हणून आदर वाटतो. त्याच आठवड्यात सरकारने सेलेबी या तुर्की विमानतळ सेवा कंपनीची सुरक्षा मंजुरी काढून घेतली. ती मुंबई विमानतळावरही काम करत होती. तिथे सामान चढवणारी-उतरवणारी माणसं मात्र आपलीच होती, हे लक्षात ठेवून बोलावं.

फॉरवर्ड तपासायचा कसा? आम्हाला एवढा वेळ नसतो.

पहिल्यांदा तारीख शोधा. मेसेजमध्ये तारीख नसेल तर तो पुढे पाठवायचाच नाही, एवढा एक नियम पाळला तरी निम्मा कचरा थांबतो. दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेले’ असं दिसलं तर तो मेसेज तुमच्या मित्राने लिहिलेला नाही, हे पक्कं समजा.

करार आणि संसदेतली उत्तरं परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. लोकसभेतल्या जुन्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात शोधता येतात. १९५५ आणि १९६० च्या चर्चा आम्ही तिथूनच काढल्या. चित्र संशयास्पद वाटलं तर गूगल लेन्सवर टाका, जुनं असेल तर बहुधा लगेच सापडतं. पीआयबीचं तथ्यतपासणी खातं सैन्याविषयीच्या अफवांसाठी उपयोगी पडतं, पण ते सरकारचंच आहे, तेव्हा सरकारवरच्या टीकेबाबत त्याचा शब्द अंतिम मानू नका. सरकारने स्वतःबद्दलच्या मजकुराला खोटं ठरवण्यासाठी नियमांत केलेली तथ्यतपासणी विभागाची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, ती याच कारणामुळे. आणि ज्या नेत्याच्या तोंडी वाक्य घातलंय त्याचं पूर्ण भाषण पाहा. दहा सेकंदांच्या तुकड्यावरून मत बनवणं त्या नेत्यावर अन्याय आहे, तो तुम्हाला आवडो न आवडो.

कुणी काही भलतंसलतं टाकलं तर ॲडमिनला पोलीस धरतात का?

नुसता ॲडमिन आहे म्हणून नाही. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी, त्यात ॲडमिनचा संगनमताचा हेतू दिसत नसेल तर, त्याला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. टाकणाऱ्याची गोष्ट वेगळी. भारतीय न्याय संहितेत अफवा पसरवण्यासाठी कलम ३५३ आणि समाजांत तेढ वाढवण्यासाठी कलम १९६ आहे. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हा बचाव पोलीस ठाण्यात फारसा कामी येत नाही.

पण भीतीपोटी गप्प बसू नका. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदवर एकीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या लाइक केल्या म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. पालघर तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यातूनच उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द केलं. सभ्य भाषेत केलेली टीका हा तुमचा हक्क आहे आणि तो आपल्याच जिल्ह्यातल्या दोन मुलींच्या त्रासातून ठळक झाला आहे.

सोसायटीच्या ग्रुपवर राजकारण बंद केलं तर बरं नाही का?

पाण्याचा टँकर, लिफ्ट आणि पार्किंगच्या ग्रुपवर जरूर बंद करा. पण वेगळा ग्रुप काढून चर्चा चालू ठेवा. बोलणं पूर्ण थांबवलं की लोक आपापल्या पक्षाच्या ग्रुपात जातात आणि तिथे त्यांना विरोधी बाजूचं काहीच ऐकू येत नाही.

घरात सासरे रोज सकाळी असे मेसेज टाकतात. त्यांना कसं सांगू?

सगळ्यांसमोर ग्रुपवर ‘बाबा, हे खोटं आहे’ असं लिहू नका. वयाचा मान असतो आणि माणूस दुखावला की चुकीच्या गोष्टीला अधिकच धरून बसतो. चहाच्या वेळी मोबाइल घेऊन शेजारी बसा आणि ‘बाबा, हे कधीचं आहे बघू या का?’ म्हणा. शोधायचं काम त्यांना करू द्या. ज्यांनी ७१ चं युद्ध रेडिओवर ऐकलंय, ब्लॅकआउटमध्ये खिडक्यांना कागद लावलेत, त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. आमच्या गटात अशा आजोबांनी सांगितलेलं शिमला कराराबद्दलचं त्या वेळचं जनमत कुठल्याही लेखात सापडणार नाही. ९३ हजार युद्धकैदी हातात असताना जुलै १९७२ मध्ये आपण काय मिळवलं, यावर तेव्हाही घराघरांत भांडणं होत होती.

गटात यायचं असेल तर?

शनिवारी संध्याकाळी नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईला, तलावाच्या कडेच्या बाकांवर या. वर्गणी नाही, पक्षाचं बंधन नाही. पुढचा विषय तीस्ता नदीचं पाणी हा आहे : सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला निघाले असताना पश्चिम बंगालच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी सोबत जायला नकार दिला आणि पाणीवाटपाचा करार तिथेच अडला. परराष्ट्र धोरण केंद्राच्या यादीत असताना एक मुख्यमंत्री ते रोखू शकते का, आणि रोखावं का, यावर बोलणार आहोत. येताना २०११ च्या मसुद्याबद्दल काही वाचून आलात तर उत्तम.